सात की साठ

आमच्या ऑफिसात तिला सगळे हॅलोताई म्हणतात. औषधांच्या घाऊक विक्रीचं आमचं ऑफिस, आणि सकाळी नऊपासून फोनला श्वास घ्यायला फुरसत नसते. बावीस वर्षं तो फोन ताईच उचलते. डाव्या हातात रिसीव्हर, उजव्या हाताने ऑर्डर लिहिणं. फोन आणि फॅक्स एकाच लाइनवर असल्यामुळे उचलला की कधी माणूस बोलायचा, कधी फॅक्सची कर्कश शिट्टी थेट कानात शिरायची.

दोन महिन्यांपूर्वी एका दुकानदाराला सलाइनच्या सात खोक्यांऐवजी साठ गेली. तो चिडला. माल पाठवायचं काम माझं, त्यामुळे मीही चिडलो. "आमच्या ताई चुकत नाहीत, तुम्हीच नीट बोला," असं त्याला खडसावलं आणि दिवसभर कॉलर ताठ करून फिरलो.

त्यानंतर साहेबांनी नवीन यंत्रणा घ्यायचं मनावर घेतलं. विक्रेत्याने दोन प्रकार दाखवले. पहिल्यात यंत्रच बोलणार, दुकानदार बटणं दाबून आकडा देणार. ऑपरेटरची गरज नाही. दुसऱ्यात फॅक्सची लाइन वेगळी आणि ऑपरेटरला कानावर लावायचा हेडफोन.

"ताई, रोज तुम्हीच वापरणार. तुम्हीच ठरवा," साहेब म्हणाले.

यात ठरवायचं काय, असं मला वाटलं. आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल?

ताईने दोन्ही माहितीपत्रकं पुन्हा वाचली आणि म्हणाली, "पहिलं घ्या."

विक्रेता खूश झाला. मी म्हणालो, "अहो ताई, मग तुम्ही काय करणार?"

"साहेब, माझा डावा कान गेलाय," ती म्हणाली. "दीड वर्ष झालं. आता उजव्या कानाला लावते, पण मान वाकडी करून लिहिताना रिसीव्हर घसरतो. तो दुकानदार सातच म्हणाला होता. साठ मी ऐकलं. नोकरी जाईल म्हणून बोलले नाही."

माझी कॉलर आपोआप खाली आली. मी तिच्या डाव्या बाजूला बसतो. ती हाकेला ओ देत नाही म्हणून गेलं वर्षभर मी तिला शिष्ट समजत होतो. मला स्वतःचीच लाज वाटली.

साहेबांनी विक्रेत्याला विचारलं, "तो हेडफोन फक्त उजव्या कानाला लावता येतो का?"

"येतो की. आवाजही वाढवता येतो."

"मग दुसरं द्या. आणि ताई, यापुढे आकडे फक्त फॅक्सवर घ्यायचे. फोनवर कितीही सांगू देत, कागद आल्याशिवाय खोकं हलणार नाही. बाकी बोलायला तुम्हीच हव्यात. माझ्या दुकानदारांना यंत्राशी बोलायला लावू नका."

ताई मटकन खुर्चीत बसली. डोळे पुसले, आणि मग चक्क हसली. "हुश्श," म्हणाली, "दीड वर्षात नीट झोपले नव्हते हो."

त्या दुकानदाराची माफी मागायला मी फोनकडे हात नेला, तर तिने तो बाजूला सारला. स्वतः नंबर फिरवला, रिसीव्हर उजव्या कानाला लावला आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"जरा मोठ्याने बोला हं भाऊ, मला एकाच कानाने ऐकू येतं."