उलटे बसलेले आबा

कोल्हापुरात माझ्या थोरल्या चुलत्यांइतका उतावळा माणूस दुसरा झाला नसेल, आणि त्यांना पाय एकच होता. दुसरा मी नववीत असताना उसाच्या ट्रॉलीखाली गेला. कुणी हळहळून विचारलंच तर आबा म्हणायचे, "पेरलाय शेतात. पाऊस चांगला झाला तर उगवंल." त्या पायाची चप्पलही ते टाकत नसत. नवा जोड आणायचा, एक घालायची, दुसरी तेल लावून खाटेखाली ठेवायची. काकी वैतागली की तिलाच विचारायचे, "आन् उद्या पाय आला, तर अनवाणी फिरवू व्हय त्याला?"

घाई मात्र दोन पायांच्या माणसाला झेपणार नाही इतकी. जोतिबाला गेलो की कुबडी टकटकवत आमच्या आधी पोचायचे आणि धापा टाकत येणाऱ्या जावयांना पाय दुखतात का म्हणून विचारत बसायचे. कागलच्या एका लग्नाला तर आदल्या दिवशीच हजर झाले, आणि मांडववाले आले नाहीत असं बघून नवरदेवालाच खड्डे खणायला लावले.

त्यांचा पाय गेला त्याच वर्षी मी नापास झाले आणि घरी बसले. घरात कुणी चिडलं, कुणी रडलं. आबांनी माझ्या हातात चरवी दिली. "तुझी शाळा गेली, माझा पाय. चल, धारा काढू." त्या दिवसापासून मी गोठ्याची झाले.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशींची मिरवणूक असते. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा घालायच्या, आणि मालकानं फटफटी पुढं काढून हाळी दिली की म्हैस गर्दीतनं त्याच्या मागं पळत सुटते. आबांची हरणी अशी पळायची की पेठेत तिचं नाव होतं. पण पाय गेला, फटफटी माझ्या वडिलांकडं आली, आणि हरणी त्यांच्या मागं चार पावलं चालून भर रस्त्यात बसली. लोक पोट धरून हसले. पुढच्या पाडव्याआधी वडिलांनी सांगून टाकलं, यंदा म्हैस पळाली नाही तर गोठा मोडायचा. आणि गोठा मोडल्यावर रिकामी पोरगी घरात कशाला, आजऱ्याचं स्थळ आलेलंच होतं.

पाडव्याला सायलेन्सर काढलेल्या फटफट्या रस्ताभर गर्जत होत्या. वडील आमची पुसत होते, तेवढ्यात आबांनी मला दूध घालायची मोपेड काढायला लावली आणि तिच्यावर मागं उलटे बसले. तोंड हरणीकडं, पाठ माझ्या पाठीला, कुबडी मांडीवर. पडून मराल, म्हणून वडील ओरडायला लागले.

"इतकी वर्षं तिला पाठ दावून पळवली," आबा म्हणाले, "यंदा तोंड दावतो. चल गं पोरी, वळून बघू नको."

मी पडले असते तर आबा पडले असते. हरणी बसली असती तर गोठा गेला असता, आणि त्याच्यापाठोपाठ मी. मोपेड फुरफुरत निघाली. आबांनी हाळी दिली. मागं क्षणभर काहीच नाही. मग कवड्या खुळखुळल्या, खूर वाजले, आणि दोन्ही बाजूंची गर्दी आली, आली म्हणून उसळली. हरणीचा श्वास आबांच्या गुडघ्यावर येत होता म्हणे. "वाढीव की गं, गाठलं हिनं!" आबा ओरडत होते, आणि मोपेड बिचारी जेवढी पळते तेवढीच पळत होती. गर्जणाऱ्या फटफट्या बाजूला झाल्या आणि आम्ही मधनं गेलो.

संध्याकाळी आबांनी वडिलांना एवढंच सांगितलं की गोठ्याला माणूस लागतं, आजऱ्याच्या पावण्यांना नको म्हणून कळव.

पुढं लग्न झालं ते माझ्या मर्जीनं. आता मी सुरतेत असते, दुधाचाच धंदा करते. फोन वाजला की अजून वाटतं आबांचंच काही असेल, ते गेल्याचा फोन येऊन गेला तरी. माहेरी गेले की लोक सांगतात, त्या दिवशी तुझ्या आबांचं तोंड बघण्यासारखं होतं. कुणी म्हणतं हसत होते, कुणी म्हणतं रडत होते, आणि खरं काय ते मला विचारतात. मी काय सांगणार? मी वळून बघितलं नव्हतं. माझ्या पाठीला लागून त्यांची पाठ हलत होती, एवढंच मला ठाऊक आहे.