राणीच्या हाकेला ओ

माझी मोठी नणंद उमरेडला राहते. तिचं कापडाचं दुकान होतं. ते तिने मुलाच्या हवाली केलं आणि तेव्हापासून तिच्या पायाला भिंगरीच लागली. साठी ओलांडल्यावर ती स्कूटी शिकली. मी नागपूरहून एसटीने गेले की ती स्टँडवर हेल्मेट घालून उभी असते आणि घरी नेण्याआधी मला कुठेतरी फिरवून आणते.

यंदा संक्रांत झाल्यावर गेले, तर मी बसमधून उतरत होते तेवढ्यात ती म्हणाली, "चाल, राणीले भेटून येऊ."

माझ्या अंगावर काटाच आला. ही राणी मला लग्नापासून ठाऊक होती. गावाबाहेर जंगलाच्या कडेला गोंड राजांच्या काळातला एक किल्ला आहे. शत्रू चालून आला तेव्हा सगळे चोरवाटेने निसटले आणि राणी एकटी मागे राहिली, असं सांगतात. पुढे पळणाऱ्या दासींना ती हाका मारत होती, "ए वं, थांबा वं!" एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. तेव्हापासून भर दुपारी ती हाक मारते म्हणे, आणि जी बाई ओ देईल तिला घेऊन जाते. म्हणून पुरुष किल्ल्यात बिनधास्त जातात, पण आसपासच्या गावची एकही बाई दरवाजा ओलांडत नाही. नणंदेनेही कधी ओलांडला नव्हता. आधी आईने जाऊ दिलं नाही, मग सासूने.

"आता मले अडवणारं कोण आहे?" असं म्हणत तिने गाडी अशी दामटली की मी मागे दोन्ही हातांनी धरून बसले.

किल्ल्याच्या दरवाज्यासमोर चिंचेखाली चहाची टपरी आहे. चहावाला आणि तीन गडी तिथे उभे होते. चहा कोणाच्याच हातात नव्हता. आम्हाला पाहताच चहावाला पुढे आला.

"आत जाऊ नका, काकू. सकाळपासून हाक येऊन राहिली."

"कोणाची?"

"आता कोणाची म्हणून काय सांगू! आम्ही आपल्या कानानं ऐकली."

आम्ही कान देऊन उभ्या राहिलो. उन्हात एक पान हलत नव्हतं. मग आतून, फार लांबून, बारीक आवाज आला, "ए वं... ए वं..."

मी घाबरले, हे खरं. पण छातीत जे धडधडत होतं ते नुसतं भय नव्हतं. इतकी वर्षं ऐकलेली गोष्ट चक्क माझ्या कानात शिरत होती! नणंदेने माझा हात धरला. तिचा तळवा घामाने ओला होता आणि डोळे लकाकत होते.

"ओ देऊ नका, काकू!" चहावाला कळवळून म्हणाला.

"काहून? बिचारीले कोणी उत्तरच देत नाही, म्हणून तर बोलावून राहिली," असं म्हणून तिने दरवाज्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवला, पदर खोचला आणि दुकानात गिऱ्हाइकाला मारायची तशी खणखणीत आरोळी ठोकली, "ओ! आली वं, आली!"

मागे गडी चार पावलं सरकले. आतला आवाज क्षणभर थांबला, आणि मग एकदम मोठा झाला. आता त्यात रडू होतं. "बाई वं, इकडे! बावडीत पडली वं मी!"

आम्ही धावत सुटलो. दुसरा दरवाजा, पडकी भिंत, गवत, काटे, काही पाहिलं नाही. बुरुजामागे कोरडी बावडी होती. तिच्या काठावर बोरीचं झाड लालभडक बोरांनी वाकलेलं. बायका आत येत नाहीत, मग बोरं तोडणार कोण? खाली तळाशी तिशीतली एक बाई भिंतीला टेकून बसली होती. एक पाय घोट्याशी टम्म सुजलेला आणि आजूबाजूला बोरं सांडलेली. बावडीच्या वरच्या पायऱ्या ढासळल्या होत्या, त्यामुळे तिला चढता येत नव्हतं.

"कोणत्या गावची वं तू?" नणंदेने वाकून विचारलं.

तिने शेजारच्या गावाचं नाव सांगितलं. तिकडे ती नवी सून होती. आत बोरं फार आहेत एवढं ऐकून पहाटेच एकटी आली होती. "बाहेर माणसं बोलताना ऐकू येत होती," ती म्हणाली. "मी हाक मारली का ते पळत होते."

मी तिच्याजवळ थांबले, पाण्याची बाटली ओढणीला बांधून खाली सोडली. नणंद दरवाज्याकडे गेली. तिथून तिचा आवाज मला बावडीपर्यंत ऐकू येत होता.

"दोर आणा गा! जिती बाई आहे!"

पलीकडून काहीतरी पुटपुटणं.

"राणी असती तर बोरं तोडाले आली असती का? भुताचा पाय मुरगळते का गा?"

थोड्या वेळाने चौघंही दोर घेऊन आले, चहावाला सगळ्यात मागे. एक जण खाली उतरला, त्याने बाईच्या कमरेला दोर बांधला आणि आम्ही सगळ्यांनी ओढलं. माझे तळहात सोलून निघाले. ती वर आली आणि नणंदेच्या गळ्यातच पडली. दोघी हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं.

तिला गड्यांनी ट्रॅक्टरवरून दवाखान्यात नेलं. हाडाला चीर होती, बाकी सगळं ठीक, असं नंतर कळलं. ट्रॅक्टर वळणाआड गेला तेव्हा मी नवऱ्याला फोन लावला, पण मला इतकी धाप लागली होती की तो घाबरून "काय झालं? काय झालं?" एवढंच विचारत राहिला.

"तुम्हाले भेव नाही लागलं, ताई?" मी विचारलं.

"लागलं ना बाप्पा! पण कोणी 'ए वं' म्हटलं तर मी काय घरी नाही म्हणून सांगू?"

तोवर बातमी गावात पोचली होती. पाच-सहा बायका दरवाज्यापर्यंत येऊन थबकल्या होत्या आणि माना उंच करून आत पाहत होत्या. नणंदेने साडीला चिकटलेली कुसळं झटकली.

"उभ्या काय राहिल्या? राणीचा महाल पाहाचा राहिलाच आहे," ती म्हणाली, आणि आम्ही सगळ्याजणी आत शिरलो.