ओल्या ओकच्या चार कैच्या

बायकोला लीड्सच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि तिच्या व्हिसावर मी नागपूरहून इकडे आलो. मी सुतार, वडीलही सुतार. आधी वेअरहाऊसमध्ये खोकी उचलली. मग डोंगरातल्या एका गावात एका म्हाताऱ्या जॉइनरने, म्हणजे तिकडच्या सुताराने, मला हाताखाली घेतलं. त्याचे गुडघे गेले होते, शिडीची कामं हळूहळू माझ्याकडे आली. कुणाच्या दारात गेलो की विचारणा व्हायची, "मालक कधी येतायत?"

त्या हिवाळ्याच्या तोंडावर वादळात एक झाड गावच्या हॉलवर कोसळलं. छप्पर पार मोडलं. म्हाताऱ्याने हॉलच्या कमिटीला सांगितलं, "हा करेल."

कमिटीची अध्यक्ष एक रिटायर्ड शिक्षिका होती. तिने सरळ विचारलं, "एवढं मोठं छप्पर कधी केलंय तुम्ही?"

"आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराचं केलंय. वडिलांसोबत."

"विहार म्हणजे?"

"तुमच्या हॉलसारखंच. लोक जमतात, मुलं शिकतात, भांडणं होतात, मग चहा होतो."

सगळे हसले. ती म्हणाली, "मग छपराला काय काय ऐकावं लागतं ते तुम्हाला ठाऊक आहे. करा सुरुवात."

हिवाळाभर एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये मी ओकच्या चार कैच्या, म्हणजे छपराचा भार पेलणारे तिकोनी सांगाडे, घडवल्या. ओलं, न वाळवलेलं लाकूड, दगडासारखं जड. त्याच्या रसाने बोटं काळी पडायची. खिळा कुठेच नाही. एका तुळईची जीभ दुसरीच्या खाचेत आणि वरून लाकडी खुंटी.

कैच्या चढवायच्या शनिवारी अख्खं गाव आलं. क्रेनने दोन कैच्या अलगद बसवल्या. तिसरी अडली. खांबाच्या खाचेवर बोटभर फट राहिली आणि ती काही केल्या खाली येईना. खालून कुणीतरी म्हणालं, "कापावी लागणार."

पण माप मी स्वतः घेतलं होतं, ते चुकलेलं नव्हतं. वर चढून पाहिलं, तर आधाराला बांधलेल्या पट्ट्याने खांब किंचित पिळला होता. पट्टा सैल केला, लाकडी हातोड्याने एक ठोका दिला. कैची धप्पकन जागेवर बसली. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला.

चौथी बसल्यावर मी वरूनच नागपूरला व्हिडिओ कॉल लावला.

"जवळ ने फोन. सांधा पाहू दे," वडील म्हणाले.

मी फोन सांध्यापाशी धरला. ते कडेकडेने पाहत गेले. मग म्हणाले, "केस जायला जागा नाही ठेवली रे तू. मला नसतं जमलं असं." वडिलांच्या तोंडून असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी तुळईला धरून तिथेच बसलो.

बायको ड्युटीवरून थेट आली, तेव्हा लोकांनी उघड्या कैच्यांखाली टेबलं मांडली होती. वर निळं आभाळ, ताटांत मांस भरलेली पाई आणि तिने डब्यातून आणलेला पुलाव. शेतकऱ्याने ॲकॉर्डियन काढला. म्हाताऱ्या जॉइनरने काठी बाजूला ठेवून माझ्या बायकोपुढे हात केला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तो माझ्या छपराखाली नाचला.