रिकाम्या खुर्चीचा तिसरा नंबर

ती घटना मी विसरलो, असं घरचे समजतात. मी विसरलो नाही. तेव्हा मी तुमसरला सहायक फौजदार होतो. शिक्षण सातवी, पण तपासात मला कोणी शिकवावं अशी वेळ आली नव्हती. निदान माझा तसा समज होता.

धानाच्या एका व्यापाऱ्याचा भर दुपारी एकच्या सुमारास त्याच्याच दुकानाच्या माडीवर खून झाला. डोक्यात पोती ओढायचा हुक मारलेला. हुक त्याच्या हमालाचा, आणि आदल्या दिवशी दोघांचं भांडण झालेलं. तासाभरात हमालाला उचललं. तो एकच म्हणे, "साहेब, मी घरी जेवाले गेलतो." मी त्याच्या डाव्या कानावर दोन ठेवून दिल्या.

मयताच्या धाकट्या भावावर संशय घ्यायला जागाच नव्हती. तो अकरापासून पाचपर्यंत गावाबाहेरच्या बंद राइस मिलमध्ये पोकरच्या स्पर्धेत होता. मोबाइलचं लोकेशन तिथलंच. खेळणारे सगळे म्हणाले, "होता ना साहेब. तिसरा आला."

तिसऱ्या दिवशी चौकातला पानठेलेवाला, माझा जुना खबरी, ठाण्यात आला. "साहेब, रागावू नका. लहान्या शेठची गाडी मी त्या दिवशी एक वाजता बजारात पायली."

"चष्मा कुठी आहे तुया?" म्हणून मी त्याला हाकलला. पण ते बोलणं दाताखालच्या खड्यासारखं राहिलं. शेवटी स्पर्धेत पत्ते वाटणाऱ्या मुलीला नागपूरहून बोलावलं. म्हटलं, "मले हा खेळ पहिल्यापासून सांग."

तिने टेबलावर बोट फिरवत सांगितलं. सगळ्यांना सारख्या चकत्या मिळतात. चकत्या संपल्या की माणूस बाहेर. पत्ते न पाहता पाळीपाळीने काही चकत्या टाकाव्याच लागतात, त्याला ब्लाइंड म्हणतात. तो दर वीस मिनिटांनी वाढतो. "सुरुवातीले ब्लाइंड लहान राह्यते साहेब. उतावळे तेव्हाच भिडतात अन् घरी जातात. शहाणा चांगल्या पत्त्याची वाट पाह्यते. ब्लाइंड वाढला का मंग अंगावर जा लागते."

"अन् कोणी मधातच उठून गेला तर?"

"त्याच्या चकत्या तिथंच राह्यतात. त्याचे पत्ते वाटाचे, पाळी आली का बाद कराचे, त्याच्या चकत्यांतून ब्लाइंड कापाचा. हा लहाना शेठ साडेबारा ते अडीच, दोन तास नव्हताच ना. मोबाइल चकत्यांपाशी ठेवून गेलता."

"मंग आधी काहून नाही सांगितलं?"

"तुमी विचारलं, खेळात होता का. होता. नियमानं होता."

मग त्या दोन तासांत टेबलावर काय काय झालं, ते मी तिच्याकडून डावागणिक लिहून घेतलं.

धाकट्याला समोर घेतला. आवाज चढवला नाही. म्हटलं, "शेठ, तुमचे डाव सांगा." पत्तेबाजाला हे दोनदा विचारावं लागत नाही. अडीचनंतरचे डाव त्याने पानापानासहित सांगितले.

"अन् एक वाजताचा? तुमच्या बाजूच्याच माणसानं दोन राजांवर सगळ्या चकत्या लावल्या. समोर दोन एक्के निघाले. त्यानं उठून आपली खुर्ची लाथाडली. आठवते?"

"मामा, तुमाले का समजते पत्त्यातलं?" तो हसला.

"आता समजते. कोणाले लागली ती खुर्ची?"

मीच सांगितलं, "तुमच्याच खुर्चीले. रिकामी होती."

त्याने पाणी मागितलं. मग दुकानाच्या वाटणीचा वाद, हमाल जेवायला जाताना ठेवून गेलेला हुक, सगळं सांगितलं, आणि पंचांसमोर मिलमागच्या कोंड्याच्या ढिगातून रक्ताचा शर्ट काढून दिला. पुढे कोर्टात शिक्षा झाली. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

साक्षीदारांना मी चुकीचा प्रश्न विचारला होता. हमालाला तर विचारलंच नव्हतं. त्याच्या घरी जाऊन, ताट वाढणाऱ्या बायकोला विचारायला दहा मिनिटं लागली असती.

तो हमाल अजून कधीमधी बाजारात भेटतो. मी काही बोललो की "का म्हणता साहेब?" म्हणत उजवा कान पुढे करतो. आता मी आधीच त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहतो. माफी मागितलेली नाही. ते मला जमलं नाही.