धामनोदला दादाने जे सांगितलं

देवासच्या लग्नांमध्ये माझ्या मोठ्या भावाला सगळे 'कैमरेवाले भिया' म्हणायचे आणि मला 'लाइटवाली'. नव्वदच्या दशकात आम्ही हे काम सुरू केलं. वडील साताऱ्याकडचे. कारखान्यातल्या नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. दादानेही कारखान्यात लागावं असं त्यांना वाटत होतं, पण तो एका स्टुडिओत काम शिकला आणि खांद्यावर ठेवायचा जुना कॅमेरा घेऊन स्वतःच शूटिंगची कामं घ्यायला लागला. दिवा धरायला कोणी टिकत नव्हतं म्हणून मी त्याच्याबरोबर जाऊ लागले. त्याचा पुढे फायदाच झाला. हळदीला, पाठवणीला, बायकांच्या खोलीत मी असले की कोणी अवघडत नसे.

दादाचं शूटिंग गावात नावाजलेलं होतं. सगळे नवरानवरीकडे बघत असताना मांडवाच्या कोपऱ्यात कोणी एकटी मावशी डोळे पुसत असेल तर ती त्याला बरोबर दिसायची. कॅमेरा सावकाश तिकडे वळायचा, क्षणभर थांबायचा आणि परत यायचा. लोक कॅसेट बघताना तिथे गप्प व्हायचे.

ॲनिमेच्या मेळाव्यांना आम्ही जायला लागलो तेही एका लग्नामुळेच. इंदूरच्या एका नवरदेवाचा धाकटा भाऊ कॉलेजात होता. आमच्या एका कार्यक्रमाचं शूटिंग कराल का, असं त्याने दादाला विचारलं. कसला कार्यक्रम म्हटल्यावर तो जरा लाजला आणि जपानी कार्टून बघणाऱ्यांचा, म्हणाला. तोवर ती कार्टून टीव्हीवर हिंदीतून लागायला लागून काही वर्षं झाली होती. मुलं मोठी झाली तरी त्यांचं बघणं सुटलं नव्हतं. सायबर कॅफेतून सीडीवर उतरवलेले मूळ जपानी भाग ती एकमेकांना देत. त्याला ॲनिमे म्हणायचं, कार्टून म्हटलेलं त्यांना आवडत नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

कॉलेजचा साधा हॉल होता, ट्यूबलाइटचा आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांचा. कोणी वडिलांचा रेनकोट कापून झगा केलेला, कोणी लोकरीचे निळे केस लावलेले. दादाने दुपारचं जेवण विसरून शूटिंग केलं. परतताना बसमध्ये तो म्हणाला की लग्नात माणसं कॅमेऱ्याकडे बघून नुसती हसतात, इथे मात्र आपल्याला कशाचं वेड आहे ते मनापासून सांगतात.

"अपन हे करत राहायचं," तो म्हणाला.

मग आम्ही तिघं झालो. दादाकडे छोटा डिजिटल कॅमेरा आला, माईक धरून प्रश्न मी विचारायचे, आणि कॉलनीतला एक मित्र त्याच्या कॉम्प्युटरवर एडिटिंग करायचा. इंदूर, उज्जैन, भोपाळ, कधी देवासलाच एखाद्या क्लासच्या खोलीत, जिथे अशी मुलं जमत तिथे आम्ही जायचो. कोणत्या चॅनलचे, असं सगळीकडे विचारत. कोणत्याच नाही, म्हटलं की मुलं जास्तच मोकळी बोलत. लग्नाच्या कामावर घर चालायचं आणि हे आमचं स्वतःचं होतं. तयार झालेली सीडी मुलं आपापसांत फिरवत, पुढे मित्र ती इंटरनेटवर टाकू लागला.

अशी काही वर्षं गेली. मग एकदा त्या मित्राने मला एकटीला बोलावून एक टेप दाखवली. दोन मुली बोलत होत्या. एकीचा चेहरा अगदी मधोमध, सुरेख, आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीचा फक्त आवाज. दुसरीकडे एक मुलगा हातातली तलवार दाखवत होता आणि तलवार चित्रात नव्हती. मी म्हटलं, गर्दीत झालं असेल.

"एका टेपमध्ये असतं तर बोललो नसतो," तो म्हणाला.

घरी येऊन मी दादाला विचारलं. लेन्स जुनी झाली आहे, चष्म्याचाही नंबर वाढला असेल, असं तो म्हणाला, आणि खरोखरच थोड्या दिवसांत चष्मा लावून आला. स्कूटर चालवणं त्याने त्याआधीच सोडलं होतं. पायी चालल्याने बरं वाटतं, असं कारण त्याने दिलं होतं. बोळात ठेवलेल्या बादलीला तो अधूनमधून ठेचकाळायचा आणि आई बादलीवरच रागवायची.

त्यानंतर धारचा मेळावा झाला. धारला संस्थानाच्या काळापासूनची मराठी घरं आहेत. तशाच एका घरातल्या कॉलेजच्या मुलीने तो भरवला होता, आणि तिचे आजोबा ज्या मंडळाचा हॉल सांभाळत तिथेच तो होता. आजोबांनी दारात आमचं स्वागत केलं. "यावे. प्रवासात त्रास तर झाला नाही ना आपणांस?" असं आम्हांला इतक्या आदराने आजवर कोणी विचारलं नव्हतं. सोंगं घेतलेल्या प्रत्येक मुलाला ते थांबवून विचारत होते, हे कोणत्या कथेतले, आणि उत्तर पुरतं ऐकून घेत होते.

धामनोदहून एक मुलगी आईबरोबर आली होती. बारावीतली असेल. तिच्या पाठीवर तारेच्या सांगाड्यावर बसवलेले मोठे पंख होते. ट्रकवर लावतात त्या चंदेरी रेडियमचे तुकडे पिसांसारखे एकावर एक चिकटवलेले. ती वळली की भिंतीवर उजेडाचे कवडसे हलत. मंचावर जायची तिची वेळ जेवणानंतर होती, म्हणून ती बाजूला उभी होती.

दादा मंचावरच्या मुलांचा घोळका एकत्र घेण्यासाठी मागे मागे सरकत होता. मी दारापाशी माईकचे सेल बदलत होते. मला फक्त आवाज ऐकू आला, तार वाकल्याचा आणि काहीतरी तुटल्याचा. वर बघितलं तर दादा खाली बसलेला आणि मुलीचा एक पंख मोडून लोंबत होता. जमिनीवर चंदेरी तुकडे पसरले होते.

"दिखी नहीं बेटा तुम मुझे," दादा म्हणाला.

हॉल शांत झाला होता, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं. जवळच्या एका मुलाने नुसतं नवल वाटून विचारलं, "इतने बड़े पंख नहीं दिखे, भिया?"

मुलीची आई खाली वाकून तुकडे पदरात गोळा करत राहिली. मी मदतीला गेले तर तिने मानेनेच नको म्हटलं. मंचावर जायची वेळ यायच्या आधीच त्या दोघी दुपारच्या बसने निघून गेल्या. दादाने कॅमेरा माझ्या हातात दिला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. थोड्या वेळाने आजोबा त्याच्याशेजारी येऊन बसले.

"आपणांस कमी दिसते काय?" त्यांनी विचारलं. "आमच्या धाकट्या बंधूंचे असेच होते. कडेचे दिसेनासे झाले होते."

दादा नाही म्हणाला. आजोबांनी पुढे काही विचारलं नाही, पण ते उठलेही नाहीत. मी उरलेलं शूटिंग आटोपून बाहेर आले तोवर दोघं तिथेच बसलेले होते.

पुढच्या आठवड्यात दादा म्हणाला की धामनोदला जाऊन त्या मुलीची माफी मागायची आहे. धारच्या मुलीकडून पत्ता घेतला आणि आम्ही बसने निघालो. हायवेच्या कडेला ट्रक सजवायच्या सामानाचं त्यांचं दुकान होतं. छताला रंगीत गोंडे आणि झालरी टांगलेल्या, समोर ट्रकांची रांग. आई गल्ल्यावर होती. तिने आम्हांला ओळखलं, स्टुलं पुढे केली आणि मुलीला चहा आणायला सांगितलं.

दादाने माफी मागितली. तारेचीच वस्तू होती, पुन्हा होईल, असं आई म्हणाली. एवढ्यावर भेट संपली असती. पण मुलगी चहाचे ग्लास ठेवून तिथेच उभी राहिली आणि तिने विचारलं, "भैया, सच में नहीं दिखी थी?"

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग जे बोलला ते हिंदीत बोलला, पण मला ते मराठीतच आठवतं.

"समोर बघतो तेवढंच दिसतं," तो म्हणाला. "तुझा चेहरा स्वच्छ दिसतोय. तुझ्या हातात काय आहे ते दिसत नाही. माझी बहीण इथे शेजारी बसली आहे हे मला माहीत आहे, दिसत नाही."

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते.

मग कॅमेऱ्यात कसं दिसतं, असं मुलीने विचारलं. "कॅमेऱ्याला डोळा लावला की सगळ्यांनाच तेवढं दिसतं," दादा म्हणाला. "तेवढा वेळ मी बाकीच्यांसारखा असतो."

नजर आणखी जाणार का, असंही तिने विचारलं. तिच्या विचारण्यात दया नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. हो, तो म्हणाला, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, हळूहळू सगळं जाईल, औषध नाही. आई गल्ल्यावरून उठून आमच्याजवळ येऊन बसली. बाहेर कोणीतरी ट्रकवाला झालर मागत होता, त्याला तिने नंतर यायला सांगितलं.

परतीच्या बसमध्ये दादाने बाकीचं सांगितलं. इंदूरला एकटाच डॉक्टरकडे जाऊन आला होता, त्यालाही बरेच दिवस झाले होते. लग्नात माझ्या हातातल्या दिव्याचा उजेड असायचा म्हणून तिथे निभत होतं. मेळाव्यांच्या मिणमिणत्या हॉलमध्ये जमेनासं झालं. घरात त्याच्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं आणि तो प्रत्येक मुलीत खोट काढत होता. आई त्याला गर्विष्ठ म्हणायची. कोणाच्या मुलीला काय सांगणार होतो, असं तो म्हणाला.

मी विचारलं की त्या मुलीला कसं सांगितलंस, विचारलं तर मीही होतं.

"तू विचारलंस तेव्हा घाबरली होतीस," तो म्हणाला. "तुला नाही हेच ऐकायचं होतं."

मानपूरचा घाट येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले आणि मग त्याचा हात धरला.

घरी त्याने आईवडिलांना समोर बसवून सांगितलं. वडील दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्याला पुन्हा इंदूरला घेऊन गेले. त्यांना वाटत होतं की डॉक्टर चुकले असतील. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं. आई मात्र दादाने सांगितलं त्याच दिवशी कामाला लागली. तिने बोळातल्या बादल्या मोरीत नेल्या, उंबऱ्याजवळची चपलांची फळी मागच्या भिंतीला हलवली, आणि अंगणातला दिवा संध्याकाळ व्हायच्या आधीच लावायला लागली. स्थळांचा विषय तिने पुन्हा काढला नाही. एकदा मला म्हणाली, बादलीवर रागवत होते मी. एवढंच.

त्यानंतर कॅमेरा मी घेतला. दादा म्हणाला होता की काम बंद करायचं नाही, जागा बदलायच्या. त्याने हेडफोन कानाला लावले आणि माईक हातात घेतला. माझ्या पहिल्या काही टेप्स वाईटच झाल्या. हात थरथरायचा, मी फार लवकर वळायचे. मित्र जे जमेल ते जोडून द्यायचा. पण दादाचं विचारणं माझ्यापेक्षा कितीतरी बरं होतं. मी पोशाखाबद्दल विचारायचे. तो विचारायचा की हे पहिल्यांदा कोणाबरोबर बसून बघितलं होतं. मग मुलं शिकायला दूर गेलेल्या भावाबद्दल, तुटलेल्या मैत्रीबद्दल, आजारपणात अंथरुणावर काढलेल्या महिन्यांबद्दल सांगायची. दादा त्यांच्या तोंडाकडे चेहरा करून, मध्ये न बोलता ऐकायचा.

एकदा दुपारी मी घरी तसंच एक चित्रण लावलं होतं. आमचे मेळावे आईने कधी बघितले नव्हते, तिच्या दृष्टीने ते कार्टूनवाले होते. ती टीव्हीकडे पाठ करून मेथी निवडत बसली होती. उज्जैनचा एक मुलगा वारलेल्या वडिलांबद्दल बोलत होता आणि मध्येच दादाचा हलका प्रश्न ऐकू यायचा. आईचे हात थांबले. बोलणं संपेपर्यंत ती मागे वळली नाही.

"आवाज बरा आलाय," ती म्हणाली आणि पुन्हा मेथीला लागली.

मित्र नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा आमचं एडिटिंग थांबलं. मुलांच्या हातात कॅमेऱ्याचे फोन आले, ती स्वतःच सगळं टिपू लागली, तेही बरंच झालं. दादाने इंदूरला टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला आणि देवासच्या एका कचेरीत त्याला काम मिळालं. तोवर त्याला समोरचंही धुरकट दिसू लागलं होतं. लग्नाचं शूटिंग मी एकटीने चालू ठेवलं. दिवा धरायला आता पगारी माणूस आहे.

आमचा शेवटचा मेळावा देवासलाच झाला, देवीच्या टेकरीच्या बाजूच्या एका लग्नाच्या गार्डनमध्ये. दादाचा हात माझ्या खांद्यावर होता आणि आम्ही तसेच गर्दीतून फिरत होतो. निघायच्या वेळी काही मुलामुलींनी दादाबरोबर फोटो काढायचा हट्ट धरला. त्यांनी त्याला मधे उभं केलं. कुठे बघू, असं त्याने मला विचारलं. माझ्या आवाजाकडे बघ, मी म्हटलं.

तो फोटो घरात आहे. मुलं सगळी समोर बघतायत आणि दादा जरा डावीकडे, कारण सगळे चित्रात मावावेत म्हणून बोलल्यानंतर मी दोन पावलं सरकले होते.