एका नंबरावर अकरा बायका

माझ्या थोरल्या जाऊबाई तेवीस वर्षं गावाबाहेरच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात नर्स आहेत. रक्तदाब मोजताना त्या आधी बाईच्या चेहऱ्याकडे बघतात, यंत्राकडे नंतर. पूर्वी सगळ्या नोंदी एका जाड वहीत असायच्या. मग टॅब्लेट आला, वही कपाटात गेली आणि जाऊबाईंच्या कपाळावर जी आठी चढली ती आजतागायत उतरलेली नाही.

ॲपला प्रत्येक गरोदर बाईचा मोबाइल नंबर लागतो. त्याशिवाय ते पुढे सरकतच नाही. कित्येकींच्या घरातला एकुलता फोन नवऱ्याकडे, नवरा कामाला परगावी. मग काय, जाऊबाईंनी अशा अकरा जणींना आपलाच नंबर लावून टाकला. चार-पाच महिने कुणी हूं की चूं केलं नाही. पुढे ॲप ‘सुधारलं’. एका नंबरावर एकच बाई, असं ठरवून त्याने अकरा जणींची मिळून एक बाई केली.

हे कळलं ते त्या अकरा जणींतली, वीटभट्टीवरच्या एका घरची सून आली तेव्हा. आठवा महिना, पायांवर सूज, डोकं ठणकतंय, वरचा रक्तदाब एकशे सत्तर. जाऊबाईंनी मोठ्या इस्पितळाची गाडी मागवायला फोन लावला.

“ताई, या पेशंटची प्रसूती मंगळवारीच झालीय,” पलीकडचा म्हणाला.

“अहो, ती दुसरी! ही माझ्यासमोर पोट घेऊन बसलीय.”

“सिस्टिममध्ये तसं दिसत नाही. दुरुस्तीचा अर्ज टाका, दोन दिवसांत होईल.”

“मग दोन दिवस थांब म्हणून बाळाला तुम्हीच सांगा!”

पाऊण तास अशी हुज्जत. शेवटी त्यांनी मला फोन केला. “अगं, तुझा नंबर टाकतेय. का ते नंतर विचार.” नव्या नंबरावरची नवी बाई ॲपने मुकाट मान्य केली, गाडी निघाली. सुनेला वाटेतच झटके आले. वाचली बिचारी; बाळ आठ दिवस काचेच्या पेटीत होतं.

जाऊबाईंना नोटीस आली: खोटी माहिती भरल्याबद्दल खुलासा करा. आणि मला, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, मेसेज येतात: ‘अभिनंदन! बाळाला लस दिलीत का?’ आमचे हे म्हणाले, “मला निदान कळवायचंस तरी.”

काल जाऊबाई आल्या. “खुलासा लिहिलात?” मी विचारलं.

“लिहीन गं. आधी तुझ्या मैत्रिणींचे नंबर दे. बाळंत व्हायच्या नऊ जणी अजून माझ्याच नंबरावर आहेत, आणि त्यातल्या दोघींचे दिवस भरलेत.”