सूर्याच्या आधीचा उजेड

कोल्हापुरात राहून अंबाबाईचं तोंड बघायचं नाही असं ठरवणं सोपं नसतं. मी ते ठरवलं होतं. लेकीच्या ऑपरेशनसाठी आम्ही ज्या हॉस्पिटलात होतो, तिथून देऊळ चालत जाण्याइतकं जवळ होतं. सासूबाई रोज दर्शन घेऊन यायच्या आणि माझ्या कपाळाला कुंकू लावायला बोट पुढे करायच्या. मी तोंड फिरवायचे. माझ्या चार महिन्यांच्या मुलीचा वरचा ओठ जन्मतःच नाकापर्यंत दुभंगलेला होता, आत टाळूही फाटलेली होती. तिला धड दूध ओढता यायचं नाही, चमच्याने थेंब थेंब पाजावं लागायचं आणि त्यातलं निम्मं नाकातून बाहेर यायचं. ज्या अंबाबाईला मी लहानपणापासून आई म्हणत आले, तिने माझ्या लेकराला असं का घडवलं, एवढंच मला विचारायचं होतं. उत्तर मिळणार नसेल तर तिचं कुंकूही मला नको होतं.

आम्ही हुपरीचे. घरातच चांदीचं काम, पैंजण करायचं. मी सहा महिन्यांची गरोदर असताना एकदा ग्रहण लागलं आणि नेमका त्याच दिवशी माल द्यायचा होता. मी चांदीची तार कापत बसले. ती कापायला सासूबाईंनीच माझ्यापुढे टाकली होती, पण मुलगी झाली, तिचा ओठ दिसला, आणि एवढी एक गोष्ट त्या साफ विसरल्या. "गिराणात कातर चालवलीस, आता लेकरानं भोगायचं," असं त्यांनी आल्यागेल्याला ऐकवलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की पोटातल्या बाळाचा ओठ फार आधीच जुळतो, सहाव्या महिन्यात कापलेल्या तारेने तो फाटत नाही. सासूबाईंनी मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा तेच सुरू.

त्याहून जिव्हारी लागलं ते बारसं. पाळणा सजवला तर पै-पाहुणे येणार, बाळाचं तोंड बघणार. म्हणून घरात ठरलं, आधी ऑपरेशन, मग बारसं. मला कुणी विचारलं नाही. चार महिने माझी पोर बिननावाची राहिली. दारात कुणाची चाहूल लागली की सासूबाई तिच्या तोंडावर दुपट्याचं टोक ओढायच्या. मी ते मागे सारायचे, त्या पुन्हा ओढायच्या. आमचे हे मधे बसून खाली मान घालून पैंजणाच्या कड्या जुळवायचे. त्यांचाही मला राग येत होता, खरं तर जास्तच येत होता.

हॉस्पिटलात दाखल झालो आणि पोरीला सर्दी झाली. छाती साफ होईपर्यंत भूल देता येणार नाही, थांबा, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून माझं डोकं फिरलं. धंदा सांभाळायला हे हुपरीला परत गेले, सासूबाई देवळात गेल्या, आणि मी भर दुपारी त्या वॉर्डात रडक्या पोरीला मांडीवर घेऊन देवीशी मनातल्या मनात कडाकडा भांडत बसले.

शेजारच्या खाटेवर कोडोलीची एक मावशी होती. तिचा हात भाजला होता, त्यावर कातडी बसवली होती. सोबत तिचा म्हातारा नवरा असायचा. दोघं ख्रिस्ती. काका तिकडच्या चर्चमध्ये आयुष्यभर गायलेले, आणि मावशीला बरं वाटावं म्हणून मोबाइलवर काहीबाही लावायचे. त्या दुपारी त्यांनी जे लावलं ते मला सहन होईना. पुष्कळ वाद्यं होती, पण एकाचा दुसऱ्याला पत्ता नव्हता. एखादी बासरी चार पावलं पुढे यायची आणि मधेच गप्प व्हायची. खालून जड काहीतरी घुमायचं. व्हायोलिनं कुठल्या तरी सुरावर येतायत असं वाटेपर्यंत भलतीकडेच सरकायची.

मी फटकन म्हणाले, "काका, तुमचा मोबाइल बिघडलाय. बंद करा ते."

"बिघडला न्हाय, पोरी," काका म्हणाले. "ही जग व्हायच्या आधीची गोष्ट हाय. आमच्या बायबलात हाय तशी. अजून कशाला रूप न्हाय, नुसता अंधार नि पाणी. वाजवणाऱ्यांनी तेच वाजवलंय. जरा दम धर की."

मी उठून बाहेर जाणार होते. पण पोरीला उचलायची, दुपटं सावरायचं, एवढं बळही अंगात नव्हतं, म्हणून बसून राहिले. खरं सांगायचं तर ते ऐकताना मला बरं वाटायला लागलं होतं. चार महिने माझ्या मनात जे चाललं होतं तेच बाहेर कुणीतरी वाजवत होतं, आणि त्याला कुणी गप्प बस म्हणत नव्हतं. मग वाद्यं अगदी हळू झाली. बरीच माणसं मिळून कुजबुजल्यासारखं परक्या भाषेत काही म्हणाली. मी कान लावला, आणि एकदम सगळं मिळून असं काही उसळलं, की माझ्या अंगावर काटा आला. गाणारे, व्हायोलिनं, तुताऱ्या, नगारे, सगळे एका सुरात. पोरीने दचकून दोन्ही हात पसरले. ती रडायची थांबली आणि त्या मोबाइलकडे बघून हसली. फाटलेला ओठ हसताना आणखी फाकतो. तिचं सगळं तोंड उघडं झालं होतं आणि त्या क्षणी मला त्यात काही कमी दिसेना. हा चमत्कार होता का, ते मला माहीत नाही. बाळं आवाजाला दचकतात आणि हसतातही.

"उजेड झाला," काका म्हणाले.

"सूर्य उगवला?"

"सूर्य कुठला? सूर्य चवथ्या दिशी. उजेड त्याच्या आधी."

सूर्यच नव्हता, मग ग्रहण कसलं लागणार होतं? इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा हसू आलं.

"पहिल्या दिवशी नुसता उजेडच?" मी विचारलं.

"नुसता उजेड. झाड न्हाय, पाखरू न्हाय, माणूस तर लांबच. तरी देवानं बघितलं नि म्हणाला, चांगला हाय."

"काम पुरं व्हायच्या आधीच?"

"व्हय. काम चालू असतानाच म्हणत गेला की."

आमच्या धंद्यात असं नाही. कड्या जोडताना आचेवर चांदी काळी पडते, आणि पॉलिश झाल्याशिवाय पैंजण आम्ही कुणाला दाखवत नाही. घरात सगळ्यांनी माझ्या पोरीला तसंच झाकून ठेवलं होतं, आणि देवीही तशीच बघत असेल असं मी धरून चालले होते. देवीने मात्र हिला पहिल्या दिवशीच बघितलं असणार, आणि चांगली आहे म्हणाली असणार.

सर्दी गेली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हे आले. त्यांच्यासमोर मी सासूबाईंना सांगितलं, बारसं आत्ता, इथेच करायचं.

"असल्या तोंडानं?" सासूबाई म्हणाल्या. "पाळणा न्हाय, आत्या न्हाय, कसलं बारसं?"

"ह्याच तोंडानं. आता कुणी दुपटं ओढायचं नाही."

ह्यांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि पोरीला माझ्या हातातून घेतलं. कोडोलीची मावशी आत्या झाली. तिने चांगल्या हाताने पोरीचं डोकं जवळ घेतलं आणि मी सांगितलेलं नाव तिच्या कानात आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. काकांनी वॉर्डभर बिस्किटं वाटली. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

ऑपरेशन थिएटरच्या दारात सिस्टरनी हात पुढे केले आणि विचारलं, "बाळाचं नाव?" मी पोरीला त्यांच्या हातांत देत होते. मागून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "मंजिरी. मंजिरी नाव हाय तिचं." मग त्या पुढे आल्या आणि आत जाणाऱ्या पोरीच्या उघड्या ओठाच्या वर, कपाळाला, त्यांनी देवीचं कुंकू लावलं. मी नको म्हटलं नाही.

मंजिरीचा ओठ आता जुळलाय, बारीक व्रण आहे. टाळूचं काम पुढे व्हायचंय. माझा राग पुरता गेला, असं खोटं लिहिणार नाही. अंबाबाईपुढे उभी राहून मी अजून तिला चार शब्द सुनावते. पण त्या दारात लेकरू परक्या हातांत देताना मला कळलं, की ते माझ्या हातांत तरी माझं कुठे होतं. ज्या आईने दिलं तिलाच परत सोपवलं, आणि तिने ते सांभाळून माझ्या ओटीत घातलं.